गंज कुठे लावायचा?

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे शंभर मार्कांचा एक पेपर, बाकी सगळं इंग्लिश. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर टाकून मी मोकळी! पण जो विषय मांडायचाय तो इंग्लिशमध्ये मांडताच येईना. कारण त्यातला निम्मा मालमसाला माझ्या आजोळचा आहे, आणि आजोळ आहे माण तालुक्यात. विषय आहे गंज. हो, लोखंडाला लागतो तोच.

आता तुम्ही म्हणाल, हिला काय झालं? थर्ड इयर मेकॅनिकलला करोजनचा चॅप्टर कमी पडला की काय? तसं नाही. कॉलेजच्या टेक्निकल फेस्टिव्हलसाठी आमचा पाच जणांचा ग्रुप एक व्हिडिओ गेम बनवतोय. दोन जण कॉम्प्युटरचे, एक आयटीचा, एक इलेक्ट्रॉनिक्सची आणि मॉडेलिंगला मी. सॉलिडवर्क्स येतं म्हणून ब्लेंडर येणारच, असा बाकीच्यांचा (गोड) समज. पहिला प्लॅन होता मच्छीमार बोटीचा गेम. २०२३ साली न्यूझीलंडच्या एका छोट्या स्टुडिओचा 'ड्रेज' नावाचा गेम आला, त्यात एक जुनी मासेमारीची बोट घेऊन फिरायचं असतं. तो खेळून सगळे भारावले होते. शिवाय बोटीच्या इंजिन रूमचा एक तयार पॅक मिळत होता. इंजिन, विंच, पाइप, व्हॉल्व्ह, आणि सगळ्याला झकास गंज लावलेला.

पुढे गोष्ट बदलली आणि गेम आला दुष्काळी गावात. विहिरीत थोडं पाणी आहे, विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बंद आहे, आणि खेळणाऱ्याने ते चालू करायचंय. बोट गेली, पण तो पॅक काही जाईना! ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं होतं, इंजिन ते इंजिन आणि गंज तो गंज. बोटीवरच्या इंजिनाचं मटेरियल उचल आणि विहिरीवरच्या इंजिनाला चिकटव. पाच मिनिटांचं काम. कोण बघतंय?

या "कोण बघतंय"वर आमचा आठवडाभर वाद झाला, आणि त्या वादातून हा लेख झाला. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर, यंत्रावरची प्रत्येक खूण कुणाच्या तरी कामाने पडलेली असते, आणि ते काम माहीत नसताना खूण रंगवणं म्हणजे थाप मारणं.

ज्यांना या प्रकाराची काही कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गेममधली वस्तू दोन टप्प्यांत बनते. आधी आकार. भरपूर बारकाव्यांचं एक जड मॉडेल बनवायचं, मग त्याच्यावरच कमी त्रिकोणांचं हलकं मॉडेल बसवायचं आणि जड मॉडेलचे बारकावे 'बेक' करून एका चित्रात उतरवायचे. त्या चित्राला नॉर्मल मॅप म्हणतात. खरा खड्डा नसतो, पण प्रकाश पडला की खड्डा वाटतो. दुसरा टप्पा टेक्श्चरिंगचा. इथे प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: रंग कुठला? ते धातू आहे की नाही? आणि किती खरखरीत? बेस कलर, मेटॅलिक, रफनेस. गंमत बघा, लोखंडाला गंज चढला की त्या जागेचं मेटॅलिक शून्य करायचं असतं, कारण आयर्न ऑक्साइड धातूसारखा चमकत नाही. पुष्कळ नवशिके नारिंगी रंग देतात पण मेटॅलिक तसंच ठेवतात, आणि मग इंजिन तांब्याच्या बंबासारखं चमकतं.

हे सगळं हाताने रंगवायला वेळ लागतो म्हणून सबस्टन्स पेंटरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जनरेटर असतात. एक बटण दाबलं की ते मॉडेलच्या कडा शोधतं आणि तिथला रंग उडवतं. दुसरं दाबलं की खाचाखोचांत मळ भरतं. तिसरं दाबलं की वरच्या बाजूंवर धूळ बसवतं. पाच मिनिटांत वस्तू वीस वर्षं जुनी! मला या साधनांचं खरंच कौतुक आहे. पण जनरेटरला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे भूमिती. ही कडा आहे, ही खाच आहे, ही वरची बाजू आहे. या कडेला रोज हात लागायचा आणि त्या कडेला वर्षानुवर्षं कुणी शिवलंसुद्धा नाही, हे त्याला कुठून कळणार? म्हणून तो सगळ्या कडा सारख्याच झिजवतो. खऱ्या यंत्राच्या सगळ्या कडा कधीच सारख्या झिजत नाहीत.

आता समुद्र आणि माण यांतला फरक बघू.

मागच्या वर्षी रत्नागिरीला गेलो होतो तेव्हा मिरकरवाडा बंदरावर मी मुद्दाम तासभर घालवला. ट्रॉलरवरचं लोखंड खाऱ्या हवेत चोवीस तास उभं असतं. आपण शिकलोय की हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि मीठ असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही काम सुरू होतं. कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे तिथला गंज आतून येतो. रंगाखाली फुगतो, पापुद्रे सुटतात, बोल्टच्या डोक्याखालून लालसर ओघळ उतरतात. आणि दुसरी गोष्ट, पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत बोटी ओढून घेतात, डागडुजी होते, रंग लागतो. म्हणजे जुन्यावर नवा, त्याच्यावर आणखी नवा असे रंगाचे जाड थर. एक पापुद्रा निघाला की खाली निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली गंज. जाळं ओढायच्या विंचचा ड्रम मात्र वायरच्या घासण्याने लखलखीत. समुद्रावरचं यंत्र दर वर्षी नवा रंग लावून म्हातारं होतं.

माणचं लोखंड वेगळं म्हातारं होतं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये ५०० मिलिमीटरच्या आसपास. वर्षातले कितीतरी महिने हवा कोरडी ठक्क. तिथे गंज लागतो, पण हळू, आणि तो पातळ, तपकिरी, घट्ट बसलेला असतो. पापुद्रे नाहीत की ओघळ नाहीत. कारण ओघळायला पाणी तर पाहिजे! तिथे यंत्राला म्हातारं करतात ते ऊन आणि धूळ. उन्हाने रंग फिका पडून खडूसारखा होतो, बोट फिरवलं की बोटाला लागतो. आणि एकदा कंपनीतून लागून आलेला रंग तो शेवटचा. विहिरीवरच्या इंजिनाला कोण दर वर्षी रंग देतंय?

म्हणजे बोटीचा गंज उचलून माणच्या इंजिनाला लावला तर आपण नकळत सांगतो की माणमध्ये समुद्र आहे. हसू नका, अर्थ तोच होतो. जिथे प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघितली जाते, त्या मुलखाच्या इंजिनावरून तुम्ही ओलाव्याचे ओघळ काढताय! गेमचा विषयच दुष्काळ असेल तर याहून मोठी चूक कुठली?

आता प्रत्यक्ष इंजिनाकडे येते. आपल्या आयसी इंजिन लॅबमध्ये एक सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं किर्लोस्कर इंजिन आहे. बोअर ८७.५ मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, ६६१ सीसी, १५०० आरपीएमला ५.२ किलोवॅट. जर्नलमध्ये हे आकडे सगळ्यांनी लिहिलेत (काहींनी शेजाऱ्याच्या जर्नलमधून). माझ्या मामांच्या विहिरीवर त्याच घराण्यातलं, थोडं लहान, पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. स्ट्रोक तोच, ११० मिलिमीटर. लॅबमधलं इंजिन आपण वर्षातून मोजून काही तास चालवतो आणि वर फडकं मारतो. मामांच्या इंजिनाने मात्र शेत भिजवलंय. दोन्ही एकाच प्रकारची यंत्रं, पण शेजारी शेजारी ठेवली तर भाऊ आहेत हे पटणार नाही. मला वाटतं, या दोघांत जो फरक आहे तोच टेक्श्चर.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोबाइल, टेप आणि व्हर्नियर घेऊन त्या इंजिनापाशी बसले. चारशेच्या वर फोटो काढले. पण खरं सांगायचं तर फोटोंनी फार काही कळलं नाही. फोटो म्हणजे 'काय' याचं उत्तर. 'का' याचं उत्तर मामांकडे होतं.

उदाहरणार्थ, हँडल. सगळं इंजिन मळकट, पण हँडलचा दांडा आरशासारखा. तोही सगळा नाही, एक वीतभर भाग. मी विचारलं, इथेच का? मामा म्हणाले, "आगं, हात तिथंच बसतोय न्हवं! जरा म्होरं धरलं तर जोर लागत न्हाई, मागं धरलं तर झटका बसतोय." हा झटका म्हणजे थट्टा नाही. हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं तर मनगट मोडतं. तेव्हा ती वीतभर चमक म्हणजे सुरक्षित जागा कुठली हे हातांनी शोधून लोखंडावर लिहून ठेवलेलं उत्तर आहे. आता सांगा, कुठला जनरेटर ही चमक बरोब्बर त्या वीतभरातच देईल?

डिकॉम्प्रेशन लिव्हरचं तसंच. हँडल फिरवताना हा लिव्हर उचलून धरायचा म्हणजे सिलिंडरमध्ये दाब बनत नाही, फ्लायव्हीलला वेग आला की सोडून द्यायचा, आणि इंजिन धडधडतं. त्या लिव्हरचं फक्त टोक चकचकीत आहे, आणि तेही एकाच बाजूने, कारण तिथे अंगठा लागतो.

पुढे टाकीच्या खालची जागा. डिझेल सांडून सांडून तिथला रंग उतरलाय, पण गंज मात्र नाही! तेलकटपणामुळे लोखंड वाचलं. उलट त्या तेलावर माणची धूळ बसून बोटभर जाड काळा थर तयार झालाय. तो खरवडला तर खाली मूळ हिरवा रंग जवळपास नवाकोरा. म्हणजे इंजिनावरचा सगळ्यात घाणेरडा भाग हाच सगळ्यात जपलेला भाग! मॉडेलमध्ये मी हा थर गंजाच्या वर, वेगळा काढलाय. मेटॅलिक शून्य, रंग जवळजवळ काळा, आणि जिथे तेल अजून ओलं आहे तिथे रफनेस कमी.

धुराड्याचं प्रकरण वेगळं. तिथे रंग जळून गेलाय, आणि गंज खरोखर आहे तो तिथेच. कोरडा, बारीक, तांबूस. कारण तिथे तेल टिकत नाही. मग पाणी बाहेर पडायचा पाइप. पंपाने उपसलेल्या पाण्यातलंच थोडं इंजिनाभोवती फिरवून थंड करायचं आणि सोडून द्यायचं, अशी ती सोय. आमच्या विहिरीचं पाणी जड, त्यामुळे पाइपाच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा कडक थर बसलाय. हिवाळ्यात त्या गरम पाण्याखाली पोरं हातपाय धुवायची, असं मामी म्हणाल्या. गेममध्ये मी त्या पाइपाखाली एक सपाट दगड ठेवलाय. कुणी विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तरी तो तिथे असेल.

आणि दुरुस्त्या! चार बोल्टपैकी एक वेगळ्याच डोक्याचा. एका नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार पिळलेली. टाकीचं झाकण हरवलं म्हणून तिथे दुसऱ्याच कुठल्या डब्याचं. तयार पॅकमधल्या इंजिनात सगळे बोल्ट एकसारखे असतात, कारण तिथे एक बोल्ट बनवून कॉपी-पेस्ट केलेला असतो. माणसाने वापरलेल्या यंत्रात कॉपी-पेस्ट चालत नाही.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. आमच्या ग्रुपमध्ये जे आक्षेप आले ते फालतू नव्हते.

पहिला आक्षेप, खेळणाऱ्याला हे कळणार आहे का? मान्य, शंभरातल्या नव्वदांना डिकॉम्प्रेशन लिव्हर म्हणजे काय हे माहीत नसेल. पण गेममध्ये खेळणाऱ्याला तेच इंजिन चालू करायचंय. कुठे धरायचं हे त्याने कशावरून ओळखायचं? मोठ्या गेममध्ये अशा ठिकाणी पिवळा रंग फासतात किंवा बाण दाखवतात. आमच्याकडे चमकणारं हँडल आहे, चमकणारं लिव्हरचं टोक आहे. हात कुठे लागतो हे झीजच सांगते. म्हणजे खरं टेक्श्चर हे नुसतं शोभेचं नाही, ते खेळाचं काम करतं. आम्ही होस्टेलच्या तीन जणींना काही न सांगता खेळायला बसवलं, तर तिघींनी आधी हँडलच धरलं. तिघी म्हणजे काही सर्व्हे नव्हे, पण मला तेवढा दिलासा पुरे.

दुसरा आक्षेप प्लेसमेंटचा. पोर्टफोलिओत विहिरीवरचं इंजिन बघून स्टुडिओवाले काय म्हणतील? समुद्री चाच्यांचं जहाज किंवा स्पेसशिप जास्त भारी दिसतं. यावर मला असं वाटतं की चाच्यांचं जहाज जगातल्या हजार मुलांनी बनवलंय, आणि त्यातल्या बहुतेकांनी दुसऱ्याच्या जहाजाकडे बघून बनवलंय. नक्कल करता करता नकलेची नक्कल होते. आपल्याकडे अस्सल वस्तू हाताच्या अंतरावर आहे, मोजता येते, तिचा मालक समोर बसून चहा पाजतो, आणि आपण नेटवर दुसऱ्याचा गंज शोधतो? २०१७ साली 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' हा मोठा गेम आला, त्यातला एक भाग चक्क पश्चिम घाटात घडतो. दिसायला अप्रतिम. पण मी ज्या घाटातून एसटीने आजोळी जाते तो घाट मला त्यात भेटला नाही. त्यांना दोष देत नाही. ते कॅलिफोर्नियात बसून बनवत होते. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' बनवून दाखवला, तेव्हा इथे बसून जगाला खेळवता येतं हा मुद्दा निकालात निघाला. आता राहिला प्रश्न आपण काय दाखवायचं एवढाच.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचला. इलेक्ट्रॉनिक्सची मैत्रीण म्हणाली, "तू गरिबीला सुंदर करतेयस. तार गुंडाळलेली नळी तुला टेक्श्चर वाटते, तुझ्या मामांना ती कटकट होती." यात तथ्य आहे. डिझेलचा धूर, हँडलचा झटका, रात्री इंजिन बंद पडलं की अंधारात विहिरीवर जाणं, यात काही रोमँटिक नाही. मामांना मी विचारलं की इंजिन गेलं तर वाईट वाटेल का? ते म्हणाले, "पाण्याचं वाईट वाटायचं, इंजिनाचं काय!" तेव्हा गंज सुंदर आहे असा माझा दावा नाही. दावा एवढाच की तो खरा दाखवावा. आणि खरा दाखवला की त्यात कटकटसुद्धा दिसते. कटकट लपवणारा आहे तो बटण दाबून लावलेला गंज. तो सगळीकडे सारखा, म्हणून दिसायला छान आणि कुणाचाच नाही.

यात घाई करण्यासारखं काय आहे, तेही सांगते. ही इंजिनं संपत चाललीत. आधी विजेच्या मोटरी आल्या, मग सबमर्सिबल, २०१९ पासून कुसुम योजनेतले सौर पंप. उपसा सिंचन योजनांचं पाणी माणदेशाच्या काही भागांत पोचलं. हे सगळं चांगलंच झालं. पण जुनं इंजिन शेवटी जातं भंगारात, किलोवर. ज्या दिवशी ते टेम्पोत चढतं त्या दिवशी ती वीतभर चमक, तो अंगठ्याचा ठसा, तो क्षारांचा थर, सगळं भट्टीत.

आणि हा आपल्याच भागाचा इतिहास आहे बरं का! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर बनवले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. इकडे सातारा शहरात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकातच डिझेल इंजिनं बनत होती. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. म्हणजे ज्या जिल्ह्याला आपण दुष्काळी-दुष्काळी म्हणतो, तिथे इंजिनाची विद्या नव्वद वर्षं जुनी आहे!

औंधच्या संग्रहालयात पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रं आणि शिल्पं आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, भांडी आहेत. कुणीतरी वेळेवर जमवलं म्हणून आज आपण बघतो. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं, म्हणून ती माणसं आज माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीलासुद्धा भेटतात (उशिरा भेटली, पण भेटली). पण त्या माणसांच्या हातातली यंत्रं कोण ठेवणार? प्रत्येक विहिरीवरचं इंजिन काही संग्रहालयात नेता येणार नाही, चार माणसं लागतात उचलायला. पण पेन ड्राइव्हमध्ये मावतं!

मला ठाऊक आहे, मॉडेल म्हणजे इंजिन नव्हे. त्याला डिझेलचा वास नाही, त्याने शेत भिजत नाही. पण नीट मोजलेलं, नीट विचारून रंगवलेलं मॉडेल म्हणजे एक साक्ष असते. कोर्टात साक्ष देताना जसं ऐकीव चालत नाही, तसंच इथेही.

म्हणून आपल्या कॉलेजपुढे एक सूचना ठेवते. फर्स्ट इयरला कॅडच्या लॅबमध्ये आपण सगळे तोच तो नकल जॉइंट आणि तोच तो प्लमर ब्लॉक काढतो. दर वर्षी, प्रत्येक बॅच. त्याच्या जोडीला प्रत्येकाने आपल्या गावातलं एक जुनं यंत्र मोजून काढावं. पिठाची गिरणी, उसाचा चरक, कडबाकुट्टी, मागाचा एखादा भाग, कोकणातल्यांनी बोटीची विंच. आपल्याकडे गडहिंग्लजपासून गुहागरपर्यंतची मुलं आहेत, चार वर्षांत केवढा साठा होईल! ब्लेंडर फुकट आहे, २००२ पासून त्याचा सोर्स खुला आहे, त्यामुळे लायसन्सचं निमित्त चालणार नाही. फोटो मोबाइलवर निघतात. आणि प्रत्येक मॉडेलसोबत एक फाइल सक्तीची असावी: ते यंत्र चालवणाऱ्या माणसाचा किंवा बाईचा पाच मिनिटांचा आवाज. हात कुठे लागायचा, काय सारखं तुटायचं, कशाने भागवलं. माझ्या मते मार्क त्या फाइलला जास्त असावेत.

आमच्या ग्रुपमधला वाद मिटला का? अर्धा मिटला. इंजिन माझं राहिलं, मागची पत्र्याची शेड जनरेटरने रंगवली, कारण वेळ संपत आलाय आणि फेस्टिव्हल कुणासाठी थांबत नाही. "कोण बघतंय" म्हणणारा मित्र आता स्वतःहून विचारतो की फ्लायव्हीलवर धूळ कुठल्या बाजूला जास्त बसते. (उत्तर: वारा येतो त्या बाजूला, आणि इंजिन बंद असेल तर वरच्या अर्ध्यावर.) आवाजासाठी तो याच सुट्टीत मामांकडे येणार आहे, कारण धडधडसुद्धा नेटवरची नको म्हणतो.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा घराच्या मागे, गोठ्याच्या कोपऱ्यात, विहिरीच्या कडेला एकदा बघा. काहीतरी लोखंडी पडलेलं असेलच. पुसू नका. आधी घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा आणि विचारा, हात कुठे धरायचा. मग मोजायला घ्या. आणि हे सगळं भंगारवाला येऊन जायच्या आधी!